जुनी बेंटवूड खुर्ची: घेताना, जोडताना, विणताना

खुर्ची घ्यायला गेलं की लोक आधी तिच्यावर बसतात, मग पाठीवरून हात फिरवतात आणि भाव विचारतात. माझं सांगणं असं, की बसायच्या आधी ती उलटी करा. बैठकीच्या खालच्या बाजूला विकणारा पॉलिश लावायच्या भानगडीत पडत नाही, त्यामुळे लाकूड कुठलं, दुरुस्त्या किती झाल्या, कीड आहे का, हे सगळं तिथेच कळतं.

मी लिहितेय ते इराण्याच्या हॉटेलात असते त्या बेंटवूड, म्हणजे वाकवलेल्या लाकडाच्या, खुर्चीबद्दल. गोल बैठक, मागे एकात एक दोन कमानी, खाली चारही पायांना बांधणारं कडं, कुठेही काटकोन नाही. धोबी तलावच्या कयानीत किंवा बॅलार्ड इस्टेटच्या ब्रिटानियात गेला असाल तर या जातीच्या खुर्चीवर बसलाच असाल. कयानी १९०४चं, ब्रिटानिया १९२३चं. माझे वडील गिरगावात खुर्च्या विणायचे, पॉलिश करायचे, हॉटेलांचीही कामं घ्यायचे. त्यांच्या हाताखाली मी शिकले आणि आता डोंबिवलीत तेच काम करते. जेवणाच्या टेबलासाठी अशा चार-सहा खुर्च्या जमवणारी पुष्कळ मंडळी हल्ली भेटतात. चोर बाजारातून, ओशिवऱ्यातून, पुण्याच्या जुन्या बाजारातून मला फोटो पाठवतात आणि विचारतात, "ताई, ही घेऊ का?" फोटोवरून सांगता येत नाही. हात लावून काय बघायचं ते मात्र सांगता येतं.

आधी ती बनते कशी ते समजून घ्या, कारण पुढची प्रत्येक तपासणी त्यावरच आहे. मिखाएल थोनेट हा ऱ्हाइनकाठच्या बोपार्ड गावचा सुतार, जन्म १७९६चा. १८४२मध्ये तो व्हिएन्नाला गेला आणि पुढे मुलांना बरोबर घेऊन त्याने कारखाना काढला. लाकूड वाकवताना अडचण कुठे येते, तर बाहेरच्या बाजूला. वाकलेल्या लाकडाची आतली बाजू दाबली जाते, बाहेरची ताणली जाते. वाफेवर मऊ झालेलं लाकूड दाब भरपूर सोसतं, पण ताण सोसत नाही, बाहेरून फाटतं. थोनेटने बाहेरच्या बाजूला लोखंडी पट्टी घट्ट आवळली आणि मग वाकवलं. पट्टी ताणलीच जात नाही, म्हणून लाकडालाही ताणता येत नाही, ते सगळंच्या सगळं दाबातच वळतं. मग लोखंडी साच्यात अडकवून वाळवायचं. यासाठी त्याने वापरलं बीच या युरोपातल्या झाडाचं लाकूड, सरळ रेषेचं आणि चिवट.

१८५९मध्ये त्याची १४ नंबरची खुर्ची आली. लाकडाचे सहा तुकडे, दहा स्क्रू, दोन नट, बस. सुट्या केलेल्या ३६ खुर्च्या एक घनमीटरच्या पेटीत मावायच्या आणि पोचल्यावर तिथेच जोडल्या जायच्या. बोटीने लांबच्या बंदरांपर्यंत ही खुर्ची परवडण्याचं कारण हेच. १८६९ला पेटंट संपल्यावर कोन (Kohn) वगैरे दुसऱ्या कंपन्यांनीही तशाच खुर्च्या काढल्या. १९३०पर्यंत एकट्या १४ नंबरच्या सुमारे पाच कोटी खुर्च्या विकल्या गेल्याचं सांगतात.

हा पाच कोटींचा आकडा दुकानात शिरताना लक्षात ठेवा. "रेअर पीस आहे, मॅडम" असं कुणी म्हणालं तर ते खरं नाही. ही खुर्ची दुर्मिळ कधीच नव्हती. तिची किंमत आहे ती अशी, की तिचा प्रत्येक भाग सुटा होतो, प्रत्येक भाग दुरुस्त होतो आणि बैठक झिजली तर बाकीच्या खुर्चीला धक्का न लावता ती नवी विणता येते. आजकालची पाच-सहा वर्षांत डगमगणारी खुर्ची उघडून बघा. दाबलेल्या भुशाच्या फळीत स्क्रू पिळलेले असतात, एकदा भोक सैल झालं की संपलं. थोनेटच्या खुर्चीचा स्क्रू सैल झाला तर तो आवळायचा असतो.

दुकानात

खुर्ची उलटी केलीत की पहिल्यांदा लाकडाच्या रेघा बघा. पाठीच्या कमानीवर एक रेघ डोळ्यांनी धरा आणि तिच्या मागे मागे जा. खरं वाकवलेलं लाकूड असेल तर रेघ वळणाबरोबर वळते, पायापासून वर जाऊन दुसऱ्या पायापर्यंत. करवतीने कापून गोलाई दिलेल्या नकलेत रेघ सरळ जाते आणि वळणावर काठाबाहेर निघून जाते. अशी कमान मोडणार ती तिथेच, कारण त्या जागी लाकडाची ताकद आडवी कापलेली असते. जोडकामाची फट दिसते का तेही बघा. चार तुकडे चिकटवून केलेलं कडं आणि एकसंध वळवलेलं कडं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

बीच ओळखायची खूण सोपी. पॉलिश उडालेल्या जागी लाकडावर बारीक तपकिरी ठिपके-रेघोट्या दिसतात, तिळाएवढ्या, सगळीकडे सारख्या. सागवानावर त्या नसतात. सागवानी नक्कल वाईटच असते असं नाही. पण सागवान बीचसारखं सहज वळत नाही, म्हणून सागवानी गोल खुर्ची दिसली की रेघेची तपासणी दुप्पट काळजीने करा.

मग पाय. मुंबईत वर्षानुवर्षं रोज ओल्या फडक्याने पुसलेल्या फरशीवर उभ्या असलेल्या खुर्चीचे पाय खालून कुजतात. विकणारा कुजलेला भाग कापतो, चारही पाय सारखे करतो, पॉलिश मारतो आणि खुर्ची उत्तम दिसते. फक्त ती बुटकी झालेली असते. पिशवीत टेप ठेवा. बैठक जमिनीपासून १८ इंचांच्या आसपास हवी. घरातलं जेवणाचं टेबल साधारण ३० इंच असतं आणि मध्ये १२ इंच राहिले तर हात नीट टेबलावर येतात. १६ इंचांची खुर्ची घरी नेलीत तर जेवताना ताट छातीशी येईल. पायांतलं कडं जमिनीपासून किती वर आहे तेही दुसऱ्या खुर्चीशी ताडून बघा. कापलेल्या खुर्चीचं कडं खाली आलेलं असतं, हे लपवता येत नाही.

त्यानंतर खिळे. या खुर्चीत सांध्याला खिळ्याचं काम नाही. सैल झालेल्या सांध्यात कुणी खिळा ठोकला असेल तर बीच हमखास चिरतं, आणि चीर आज दिसली नाही तरी आत असते. एका खुर्चीत एखादा खिळा निघाला तर मी ती सोडत नाही, काढते आणि भोक भरते. प्रत्येक सांध्यात खिळा असेल तर कितीही स्वस्तात मिळाली तरी ठेवून या.

सांधे तपासायला खुर्ची सपाट फरशीवर ठेवा. एक हात पाठीच्या कमानीवर, दुसरा बैठकीवर, आणि हळू पिळा. थोडं हललं तर घाबरू नका, स्क्रू आवळून बसेल. कर्रर आवाज आला तर आवाज कुठून येतो तिथे बोट ठेवून बघा. पावसाळ्यात हे तपासून उपयोग नाही. लाकूड दमटपणाने फुगतं आणि सैल सांधासुद्धा घट्ट वाटतो. जुलैमध्ये ठणठणीत वाटलेली खुर्ची मार्चमध्ये डुलते. म्हणून मी लोकांना फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये खरेदीला पाठवते.

आणि कीड. बीचमध्ये सागवानासारखं तेल नसतं, त्याला भुंगेरा लागतो. खाली वर्तमानपत्र पसरा, खुर्ची त्यावर धरून पायांवर लाकडी ठोकळ्याने टकटक करा. पिठासारखा ताजा फिकट भुसा पडला तर कीड जिवंत आहे. नुसती भोकं असतील, काठ काळपट आणि भुसा नाही, तर ती जुनी असू शकते. अशी खुर्ची घेतलीत तर भोकांभोवती पेन्सिलीने खूण करा, औषध इंजेक्शनच्या सुईने भोकात सोडा आणि महिनाभर तरी घरातल्या बाकी लाकडापासून लांब ठेवा. खुणेबाहेर नवं भोक पडलं तर पुन्हा औषध. ज्या कड्याचं लाकूड नखाने दाबलं की खचतं, त्यात स्क्रू धरणार नाही. तिथे माझाही इलाज चालत नाही.

वेत फाटलेला असेल तर उलट आनंद माना. तो बदलायचाच असतो, आणि त्याच्यावरून भाव खाली आणता येतो. पण घासाघीस सुरू करायच्या आधी विणणाऱ्याला खर्च विचारून ठेवा. कित्येकदा खुर्ची स्वस्त पडते आणि विणकाम तिच्याहून महाग.

शिक्का वाचा, पण त्याचे पैसे देऊ नका

बैठकीच्या कड्याच्या आतल्या बाजूला जळका शिक्का किंवा कागदी लेबलाचा तुकडा सापडतो. बाजारात कुठल्याही जुन्या खुर्चीला "ब्रिटिश" म्हणतात. या खुर्च्या मूळच्या इंग्लंडच्या नव्हेत. थोनेटचे मुख्य कारखाने मोरावियात होते. तो भाग १९१८पर्यंत ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होता, नंतर चेकोस्लोवाकियात आला. म्हणून "ऑस्ट्रिया" असा शिक्का बहुधा १९१८च्या आधीचा, आणि "चेकोस्लोवाकिया" असेल तर खुर्ची नक्की १९१८नंतरची, कारण त्याआधी त्या नावाचा देशच नव्हता. थोनेट आणि मुंडुस ही नावं एकत्र दिसली तर ती १९२०च्या दशकात कंपन्या एकत्र झाल्यानंतरची. बिस्त्रित्से गावातला थोनेटचा कारखाना आता टॉन या नावाने चालतो आणि १४ नंबर आजही तिथे बनते, तेव्हा टॉनचा शिक्का असलेली खुर्ची शंभर वर्षांची असणं शक्य नाही.

हे वाचायला मला फार आवडतं. आलेल्या प्रत्येक खुर्चीचा शिक्का मी पुसून वहीत उतरवून ठेवते. पण शिक्का असलेली सैल खुर्ची आणि शिक्का नसलेली घट्ट खुर्ची यांत मी दुसरी घेईन. रोज तिच्यावर बसून जेवायचं आहे.

चंदीगडच्या खुर्च्यांचीही चौकशी होते, म्हणून थोडक्यात सांगते. चंदीगडचा आराखडा करणारा वास्तुविशारद कॉर्बुझिए, त्याचा चुलतभाऊ पिएर जनरे याने १९५०च्या दशकात तिथल्या सरकारी कचेऱ्यांसाठी सागवान आणि वेताच्या खुर्च्या करवून घेतल्या. पुढे त्या मोडक्या म्हणून भंगारात लिलावाने गेल्या आणि परदेशी व्यापाऱ्यांनी दुरुस्त करून प्रचंड किमतीला विकल्या. २०११मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने त्यांच्या विक्रीवर बंदी घातली. आज बाजारात दिसतात त्यांतल्या बहुतेक नव्या नकला आहेत. सांधे चांगले असतील तर नक्कल म्हणून, नकलेच्या भावात, खुशाल घ्या. परदेशात राहणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२च्या कायद्याने देशाबाहेर नेता येत नाही, आणि तेवढी जुनी नसेल तरी तसा दाखला पुरातत्त्व खात्याकडून घेऊन ठेवलेला बरा.

उघडणं आणि जोडणं

घरी आणल्यावर पहिलं काम, खुर्ची सुटी करा. त्याआधी चारही बाजूंनी फोटो काढा आणि प्रत्येक सांध्याच्या दोन्ही बाजूंना सारखाच आकडा पेन्सिलीने लिहा. हाताने काम केलेल्या खुर्चीचा डावा पाय उजवीकडे बसतोच असं नाही. स्क्रूही त्याच आकड्याच्या कागदात गुंडाळा.

गंजलेला स्क्रू जोर करून फिरवू नका, मान तुटून आत राहते. तापलेलं सोल्डरिंग आयर्न स्क्रूच्या डोक्याला मिनिटभर टेकवा, गार होऊ द्या, मग आधी किंचित आवळा आणि त्यानंतर सोडा. खाच स्वच्छ करून तिच्या रुंदीचाच पेचकस घ्या. पुढच्या पायाचं गोल टोक बैठकीच्या भोकात सरसाने चिकटलेलं असेल तर गरम पाण्यात पिळलेलं फडकं सांध्याभोवती गुंडाळा. जुना सरस उष्णतेने आणि ओलाव्याने सुटतो. सरसाचा हा मोठा गुण आहे, आणि म्हणूनच या खुर्च्या शंभर वर्षांनीही उघडतात. एपॉक्सी वापरलेला सांधा उघडायचा म्हणजे लाकूड फोडायचं. कुणी कितीही "एकदम पक्कं होईल" म्हणालं तरी या खुर्चीला एपॉक्सी लावू देऊ नका.

जुना सरस पटाशीच्या कडेने पूर्ण खरवडा, पण लाकूड खरवडू नका. जुन्या सरसावर पांढरा डिंक धरत नाही. पायाचं टोक झिजून सैल झालं असेल तर त्याला सागवानाचा किंवा बीचचा पातळ पापुद्रा चिकटवून जाडी वाढवा. कड्यातलं भोक मोठं करू नका. स्क्रूचं भोक सैल असेल तर जाड स्क्रू घालायचा मोह होतो, तो टाळा. भोकात लाकडाची खुंटी चिकटवायची, वाळली की तिच्यात जुन्याच मापाचं भोक पाडायचं.

जोडताना सगळे स्क्रू आधी अर्धे लावा. खुर्ची सपाट फरशीवर ठेवा, वर वजन ठेवा, चारही पाय टेकले की मग एकेक करून आवळा. एकच सांधा पूर्ण आवळून पुढे गेलात तर चौथा पाय हवेत राहतो आणि मग लोक त्याच्याखाली पुठ्ठा लावतात.

वेत

वेत म्हणजे वेलाच्या सालीच्या पट्ट्या. वरची बाजू गुळगुळीत, पाणी न पिणारी, खालची खरखरीत, पाणी पिणारी. हे एवढं कळलं की अर्धी देखभाल आली. बैठक नुसती झोळ पडलेली असेल, एकही पट्टी तुटलेली नसेल, तर नवी विणू नका. खुर्ची उलटी करून खालून गरम पाण्याचं फडकं पंधरा-वीस मिनिटं ठेवा, मग सावलीत रात्रभर वाळू द्या. वाळताना वेत आवळतो. प्लॅस्टिकचा वेत असा आवळत नाही, एकदा सैल पडला की पडलाच. हॉटेलवाले प्लॅस्टिक का लावतात ते मला समजतं, त्यांच्याकडे दिवसभर माणसं बसतात. घरी खरा वेतच लावा.

पट्ट्या तुटल्या असतील तर खाली बघा. कड्याभोवती भोकं असतील तर खुर्ची हातविणीची आहे. भोकांऐवजी खाच आणि तिच्यात दाबलेली गोल पट्टी असेल तर ती तयार जाळीची. तयार जाळी स्वस्त आणि झटपट, पण हातविणीच्या कड्यात जाळीसाठी खाच पाडायला कुणी सुचवलं तर ठाम नाही म्हणा. भोकं आधीच आहेत, त्यात खाच पाडली की कडं तिथे कमकुवत होतं, आणि अख्ख्या खुर्चीचा भार त्या कड्यावर असतो.

विणायची पद्धत अशी. वेत कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं भिजवा, जास्त नाही, काळा पडतो. गोल बैठकीला मागच्या आणि पुढच्या मधल्या भोकापासून सुरुवात करायची आणि दोन्ही बाजूंना सरकत जायचं. कडेला आलं की पट्ट्या समांतर राहाव्यात म्हणून एखादं भोक सोडावं लागतं. पहिला फेरा उभा. दुसरा आडवा, नुसता वरून. तिसरा पुन्हा उभा, पहिल्याच्या शेजारी. चौथा आडवा, आणि इथून खरं विणकाम सुरू होतं, एका उभ्याच्या वरून आणि एकाच्या खालून. पाचवा तिरपा, सहावा उलट दिशेने तिरपा. शेवटी भोकं झाकणारी काठाची पट्टी. तिरपा फेरा बरोबर चाललाय का हे डोळ्यांनी नाही, बोटांनी कळतं. पट्टी चौकटीच्या कोपऱ्यात सहज सरकली पाहिजे. खरखरली, अडकली, तर वर-खालीचा क्रम चुकलाय, तिथेच उसवा. तसंच ओढून नेलं तर ती पट्टी सगळ्यात आधी तुटते. बाबा म्हणायचे, तिरप्यात जोर लावायचा नाही. मुंबईत हे काम अंध कारागीर पूर्वीपासून करत आले आहेत आणि त्यांच्या विणीत मला कधी तिरपा फेरा अडकलेला सापडलेला नाही. जवळच्या अंध संस्थेत चौकशी करा, अनेक ठिकाणी काम घेतात.

वेतावर उभं राहून पंखा पुसू नका, मुलांना गुडघ्यावर बसू देऊ नका. एसीच्या खोलीत वेत कोरडा पडून तडकतो, तिथे दर दोन महिन्यांनी खालून ओला स्पंज फिरवा. वरून पॉलिश चालेल, खालून कधीही नाही, वेताचं पाणी पिणं बंद होतं.

पॉलिश

आधी खाली, न दिसणाऱ्या जागी, स्पिरिटमध्ये बुडवलेला कापूस घासा. पॉलिश चिकट होऊन कापसाला रंग आला तर ते चपड्याचं, म्हणजे लाखेचं, फ्रेंच पॉलिश आहे. काहीच झालं नाही तर नंतर कुणी मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) मारलंय. चपडा असेल तर खरवडून काढू नका. साबणाच्या पिळलेल्या फडक्याने मळ काढा, वाळू द्या आणि वरून चपड्याचेच पातळ हात मारा, नवा हात जुन्यात मिसळतो. हे पावसाळ्यात करायचं नाही, दमट हवेत चपडा पांढुरका पडतो. गणपतीच्या आधी पॉलिश करून द्या म्हणणाऱ्यांना मी दिवाळीनंतरची तारीख देते.

सहा खुर्च्या एकसारख्या मिळण्याची वाट बघत बसू नका. बैठकीची उंची आणि पाठीची उंची अर्ध्या इंचाच्या आत जुळली तर वेगवेगळ्या कारखान्यांच्या खुर्च्या एका टेबलाभोवती छान दिसतात. रंगाचा फरक चपड्याच्या दोन हातांनी जवळ आणता येतो. सहा घेता येत असतील तर सातवी, मोडकी, भागांसाठी घेऊन ठेवा. कडं किंवा पुढचा पाय नव्याने करून घेणं महाग पडतं, आणि या खुर्च्यांचा एकीचा पाय दुसरीला थोडं घासून पुष्कळदा बसतो.

पायांना खालून जाड लोकर किंवा चामड्याचे तुकडे चिकटवा. फरशी पुसताना खुर्च्या टेबलावर उलट्या ठेवा, म्हणजे पाय कुजणार नाहीत. आणि वर्षातून एकदा, होळीच्या सुमारास लाकूड पुरतं वाळलेलं असतं तेव्हा, दहाही स्क्रू पाव पाव फेरा आवळून घ्या.